आजार नाही, मग उपचार कशाचा? क्वीअर व्यक्तींसाठीचे समुपदेशन, चित्रकला आणि योग

सोलापुरातल्या एखाद्या घरात मुलगा समलिंगी आहे, किंवा मुलगी म्हणून वाढवलेले मूल स्वतःला मुलगी मानत नाही, हे उघड झाले की घरातली माणसे आधी ओळखीच्या डॉक्टरांना फोन करतात, मग कुणाच्या तरी सांगण्यावरून एखाद्या महाराजांकडे जातात, आणि तोवर एखादी आत्या स्थळे बघायला लागलेली असते. अलीकडे या धावपळीत समुपदेशकाचीही भर पडली आहे, ही चांगली गोष्ट आहे. मात्र समुपदेशकाकडूनही घरच्यांची अपेक्षा बहुधा तीच असते, की चार सिटिंगमध्ये पोराला ‘नॉर्मल’ करून द्यावे. क्वीअर-अफर्मेटिव्ह थेरपी, म्हणजे समलिंगी, उभयलिंगी, ट्रान्स (जन्मावेळी ठरवलेले लिंग ज्यांना आपले वाटत नाही) आणि अशा इतर व्यक्तींची ओळख मान्य करूनच पुढे जाणारे समुपदेशन, या अपेक्षेला नकार देऊन सुरू होते. त्यावर दोन प्रश्न हमखास विचारले जातात. जो आजारच नाही त्यावर उपचार कसला करायचा, हा पहिला. आणि त्यात चित्रे काढण्याचा व योगासनांचा संबंध काय, हा दुसरा. दोन्ही प्रश्न रास्त आहेत आणि दोन्हींना सरळ उत्तरे आहेत.

समलैंगिकता हा आजार नाही, हे कुणा एका उदार डॉक्टरचे मत नव्हे. अमेरिकेतल्या मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने डिसेंबर १९७३ मध्ये समलैंगिकता मानसिक आजारांच्या यादीतून काढण्याचा निर्णय घेतला आणि जागतिक आरोग्य संघटनेने १७ मे १९९० रोजी तेच केले. जागतिक संघटनेच्या आजारांच्या वर्गीकरणाची अकरावी आवृत्ती १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली. तीत ट्रान्स व्यक्तींविषयीची नोंद मानसिक विकारांच्या प्रकरणातून काढून लैंगिक आरोग्याच्या प्रकरणात ठेवली आहे; नोंद पूर्णपणे पुसली नाही, कारण काही ट्रान्स व्यक्तींना संप्रेरके किंवा शस्त्रक्रिया यांसाठी वैद्यकीय सेवा लागते आणि ती मिळायची तर कागदावर कुठेतरी उल्लेख असावा लागतो. भारतात मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ हा २९ मे २०१८ पासून लागू आहे. त्याचे तिसरे कलम सांगते, की एखाद्याचे वागणे समाजाच्या नैतिक किंवा सांस्कृतिक मूल्यांशी जुळत नाही एवढ्यावरून त्याला मानसिक आजारी ठरवता येणार नाही, आणि अठरावे कलम लैंगिक कलाच्या, म्हणजे कुणाविषयी आकर्षण वाटते त्याच्या, आधारावर उपचारात भेदभाव करायला मनाई करते. २०१८ मध्येच ६ सप्टेंबरला सर्वोच्च न्यायालयाने नवतेज सिंग जोहर प्रकरणात निकाल दिला आणि प्रौढ व्यक्तींचे परस्पर संमतीचे समलिंगी संबंध, ते गुन्हा ठरवणाऱ्या भारतीय दंड संहितेच्या कलम ३७७ च्या कक्षेतून बाहेर पडले.

‘बदलून देतो’ असे सांगणारे लोक त्यानंतरही दुकान मांडून बसलेलेच आहेत. पूर्वी यासाठी विजेचे झटके आणि ओकारीची औषधे वापरली जात. आता संमोहन, ‘हार्मोनची ट्रीटमेंट’, उपवास आणि जबरदस्तीचे लग्न अशी रूपे दिसतात. यांतल्या कशानेही कुणाचा कल बदलत नाही, मात्र नैराश्य आणि आत्महत्येचे विचार वाढतात. मद्रास उच्च न्यायालयात दोन तरुणींच्या प्रकरणात न्यायमूर्ती आनंद वेंकटेश यांनी ७ जून २०२१ रोजी अशा ‘रूपांतर उपचारां’ना आळा घालण्याचे निर्देश दिले आणि त्यानंतर राष्ट्रीय वैद्यक आयोगाने ऑगस्ट २०२२ मध्ये असे उपचार करणे हे डॉक्टरांचे व्यावसायिक गैरवर्तन ठरवले. या प्रकरणातली एक गोष्ट मला निकालाइतकीच महत्त्वाची वाटते. आपल्याला या विषयातले पुरेसे कळत नाही हे लक्षात आल्यावर न्यायमूर्तींनी निकाल देण्याआधी स्वतः एका मानसशास्त्रज्ञाकडे बसून विषय समजून घेतला आणि ते निकालपत्रात लिहिलेही.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. कल हा आजार नसला तरी क्वीअर व्यक्तींमध्ये नैराश्य, चिंता आणि व्यसने यांचे प्रमाण इतरांपेक्षा जास्त आढळते. त्याचे कारण काय, याचे आज सर्वाधिक मान्य असलेले उत्तर इलन मेयर या अमेरिकी संशोधकाने मांडले. १९९५ मध्ये त्याची सुरुवात झाली आणि २००३ मध्ये ते सविस्तर प्रसिद्ध झाले. त्याला ‘मायनॉरिटी स्ट्रेस’, म्हणजे अल्पसंख्य असण्याचा ताण, असे म्हणतात. साध्या आयुष्यात सगळ्यांनाच ताण असतो, पण क्वीअर माणसाच्या वाट्याला त्यावर एक जादा थर येतो. मारहाण, टिंगल, खोली भाड्याने न मिळणे हे बाहेरून येणारे ताण झाले. पुन्हा असे काही होईल म्हणून सतत सावध राहणे हा आतला ताण. गड्ड्याच्या यात्रेत मित्राबरोबर फिरताना काकांच्या ओळखीचे कुणी बघत नाही ना याची खात्री करणे, हळदीच्या मांडवात ‘आता तुझा नंबर’ या वाक्यावर हसण्याचे नाटक करणे, मोबाइलमध्ये जोडीदाराचे नाव मुलीच्या नावाने साठवणे, हे सगळे त्यात आले. आणि सर्वांत खोलवर, लहानपणापासून ऐकलेल्या शिव्या खऱ्या मानून स्वतःचीच घृणा करणे. यंत्रमागाच्या शेडमध्ये वर्षानुवर्षे काम केलेल्या माणसाला खटखटाट जाणवेनासा होतो, सवय झाली असे तो सांगतो, आणि कान तपासल्यावरच किती ऐकू येईनासे झाले ते कळते; सतत सावध राहण्याचा ताणही असाच सवयीच्या आड नुकसान करत राहतो. उपचार करायचा तो या नुकसानीवर.

म्हणूनच नुसता सज्जन, सगळ्यांशी सारखे वागणारा समुपदेशक येथे पुरत नाही. ‘माझ्यासाठी सगळे पेशंट सारखेच’ असे म्हणणाऱ्या समुपदेशकाचा हेतू चांगला असतो, पण समोरचा तरुण झोप लागत नाही म्हणून आला असेल तर तो त्याला झोपेचे नियम सांगतो, मोबाइल लांब ठेवायला सांगतो आणि विचारतो, ‘लग्नाचे काय ठरवले आहे?’ या एका प्रश्नानंतर तो तरुण पुढच्या वेळी येत नाही. अफर्मेटिव्ह पद्धतीत समुपदेशक समोरचा माणूस असा का आहे याचा शोध घेत नाही; असे असताना त्याला कशाकशातून जावे लागले याची चौकशी तो करतो. नोंदणीच्या फॉर्ममध्ये लिंगासाठी दोनच चौकोन नसतात, नाव कोणते वापरायचे आणि घरी फोन आला तर कोणते वापरायचे हे दोन्ही विचारले जाते, आणि ‘बायको’ किंवा ‘नवरा’ न म्हणता ‘जोडीदार’ म्हटले जाते. गोष्टी किरकोळ वाटतात; ज्याला आयुष्यभर प्रत्येक फॉर्मवर खोटे लिहावे लागले त्याला त्या किरकोळ वाटत नाहीत. त्याहून मोठा भाग समुपदेशकाने स्वतःवर करायच्या कामाचा असतो, कारण ‘हे वय गेले की निवळेल’ हा समज आपल्या शिक्षणात, घरात आणि पाठ्यपुस्तकांतही मुरलेला आहे. मुंबईची मारीवाला हेल्थ इनिशिएटिव्ह ही संस्था समुपदेशकांसाठी या पद्धतीचा स्वतंत्र अभ्यासक्रम चालवते आणि त्यात शिकवणाऱ्यांमध्ये क्वीअर समुपदेशकही असतात, ही मला त्या अभ्यासक्रमाची सर्वांत मोठी जमेची बाजू वाटते.

आपल्या भागात आणखी एका गोष्टीचे भान लागते. सोलापूर, सांगली, कोल्हापूर आणि पलीकडे कर्नाटकात सौंदत्तीपर्यंत यल्लम्मा देवीला वाहिलेले जोगते आहेत, आणि घरातला मुलगा साडी नेसू लागला की ‘देवीचे लागले’ असे समजण्याची रीत आहे. काहींसाठी तो खरोखर श्रद्धेचा आणि समुदायाचा आधार असतो, काहींवर तो मार्ग लादलेला असतो, आणि काहींना त्यातून बाहेर पडून नोकरी करायची असते. शहरात शिकून आलेला समुपदेशक याला अंधश्रद्धा म्हणून उडवून लावेल तर समोरची जोगतीण उठून जाईल, आणि बरोबरच करेल. ती स्वतः याला काय म्हणते, हे आधी ऐकून घ्यावे लागते.

चित्रकलेचा भाग इथून सुरू होतो. समुपदेशन हे बोलण्यावर चालते आणि बोलायला भाषा लागते. सोलापुरातल्या कितीतरी घरांत आई-आजीशी तेलुगू किंवा कन्नड, शाळेत मराठी, ऑफिसात थोडे हिंदी-इंग्रजी अशी वाटणी असते, आणि आपल्या लैंगिक कलाविषयी या सगळ्या भाषांत लहानपणी कानावर पडलेले शब्द शिव्यांचेच असतात. शिवाय ज्याने पंधरा वर्षे प्रत्येक वाक्य तपासून बोलण्याची सवय लावून घेतली आहे, तो समुपदेशकासमोरही तपासूनच बोलतो. हातात खडू, चिंधी किंवा ओली माती दिली की ही चौकी थोडी सैल होते, कारण हाताला खोटे बोलण्याचा तेवढा सराव नसतो.

कलेचा असा वापर जुना आहे. ‘आर्ट थेरपी’ हा शब्द ब्रिटिश चित्रकार एड्रियन हिल यांनी १९४२ मध्ये वापरला. ते स्वतः क्षयरोगाच्या सॅनेटोरियममध्ये असताना चित्रे काढत होते आणि मग इतर रुग्णांनाही त्यांनी त्यात ओढले. अमेरिकेत मार्गारेट नॉमबर्ग आणि ईडिथ क्रेमर यांनी त्याला शास्त्राचे रूप दिले. गिरिजा कैमल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या, फिलाडेल्फियातल्या एका अभ्यासात ३९ निरोगी प्रौढांना पाऊण तास हवे ते बनवू दिले आणि आधी-नंतर लाळेतले कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाशी निगडित संप्रेरक, मोजले. सुमारे तीन-चतुर्थांश लोकांमध्ये ते कमी झाले होते, आणि त्यासाठी आधी चित्रकला येत असण्याची गरज नव्हती. अभ्यास लहान होता आणि तुलनेसाठी दुसरा गट नव्हता, त्यामुळे त्यावर फार मोठा मजला चढवू नये, पण ‘मला चित्र काढता येत नाही’ या नेहमीच्या सबबीला तो पुरेसे उत्तर देतो.

प्रत्यक्षात काय होते ते एका कल्पित उदाहरणाने पाहू. अक्कलकोट रस्त्याच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात हिशेब लिहिणारा चोवीस वर्षांचा एक तरुण आहे. घरी तेलुगू, वडील निवृत्त विणकर, पुढच्या महिन्यात मुलगी बघायला जायचे ठरलेले. रात्री छाती धडधडते, हृदयाची तपासणी झाली, रिपोर्ट स्वच्छ आला. पहिल्या तीन भेटींत तो फक्त धडधडीविषयी बोलतो. चौथ्या भेटीत समुपदेशक त्याच्यासमोर माणसाच्या आकृतीची रेघ काढलेला मोठा कागद, डिंक, खडू आणि कापडाच्या कातरणीची पिशवी ठेवते आणि म्हणते, की आज अंगात कुठे काय आहे ते इथे लावा, नीटनेटके दिसले नाही तरी चालेल. याला बॉडी मॅपिंग म्हणतात; दक्षिण आफ्रिकेत केप टाउनला एचआयव्हीसह जगणाऱ्या स्त्रियांबरोबर २००० नंतरच्या वर्षांत ही पद्धत घडली आणि मग जगभर पसरली. मूळ पद्धतीत माणसाला कागदावर झोपवून त्याच्या भोवती रेघ ओढतात, पण ज्याला स्वतःच्या शरीराकडे बघणेच जड जाते त्याच्यासाठी आधीच रेघ काढलेला, आकाराने लहान कागद बरा. आपला हा तरुण छातीच्या जागी काहीच लावत नाही, असे समजा. तो टॉवेलच्या किनारीची एक पांढरी पट्टी उचलतो, बराच वेळ हातात धरतो आणि आकृतीच्या डाव्या मनगटाला चिकटवतो.

इथे समुपदेशकाची परीक्षा असते. पांढरा रंग म्हणजे अमुक, मनगट म्हणजे बेडी, असे अर्थ सांगणारा माणूस कलेच्या आधाराने काम करणारा समुपदेशक नसून ज्योतिषी असतो. आपली समुपदेशक एवढेच विचारते, की ही पट्टी लावण्याआधी हात थांबला होता, तेव्हा काय चालले होते. उत्तर येते, ‘पहिल्या पगाराला अण्णांनी त्यांचं घड्याळ दिलं मला. गिरणीत असताना घेतलेलं.’ त्यानंतरची वीस मिनिटे तो वडिलांविषयी बोलतो. आतापर्यंत वाटत होते की त्याला बातमी फुटण्याची भीती आहे. आता कळते की भीती बातमीची नाहीच, अण्णा बोलायचे थांबतील याची आहे. ही दोन वेगळी दुखणी आहेत आणि त्यांवरची कामेही वेगळी. पहिल्यासाठी लपवण्याची तजवीज लागली असती. दुसऱ्यासाठी बहिणीला आधी विश्वासात घेणे, मुलगी बघायचा कार्यक्रम कोणत्या शब्दांत पुढे ढकलायचा ते ठरवणे, आणि अण्णा काही महिने खरोखरच बोलले नाहीत तर ते दिवस कसे काढायचे याची तयारी करणे, असा रस्ता निघतो. तयार झालेला कागद कुणाकडे राहील हे तो तरुण ठरवतो. घरी नेणे धोक्याचे असेल तर तो समुपदेशकाकडे कुलपात राहतो.

साहित्य इथे महाग लागत नाही. शिंप्याकडच्या चिंध्यांची वाकळ शिवणे, रांगोळी, मासिकांतली कात्रणे, सगळे चालते. गटात बसून एकच गोधडी शिवण्याचा प्रकार तर फार उपयोगी आहे, कारण हात गुंतलेले असताना माणसे एकमेकांकडे न बघता बोलतात, आणि ज्यांना डोळ्याला डोळा भिडवणे जड जाते त्यांच्यासाठी ही मोठी सोय असते.

योगाच्या बाबतीत अधिक जपून बोलावे लागते, कारण आपल्याकडे योग शिकवणारे पुष्कळ आहेत आणि योगाने समलैंगिकता ‘बरी होते’ असा दावा जाहीरपणे करणारेही आहेत. त्या दाव्याला आधार नाही. योग इथे वेगळ्या कामासाठी येतो. सतत सावध असलेले शरीर हे धोक्याच्या घंटेवर चालत असते: श्वास वरवरचा, खांदे चढलेले, जबडा आवळलेला, पोट बिघडलेले. श्वास आत घेताना हृदयाचे ठोके किंचित वेगाने पडतात आणि सोडताना किंचित मंदावतात. हे व्हेगस नावाच्या मज्जातंतूमुळे होते, जो मेंदूपासून हृदय आणि आतड्यांपर्यंत जातो. म्हणून श्वास घेण्यापेक्षा सोडायला जास्त वेळ दिला, जसे भ्रामरीत गुंजन करताना आपोआप होते, तर शरीराला उसंत मिळते. धडधडीने घाबरलेल्या त्या तरुणाला चार आकडे मोजून श्वास घेणे आणि सहा आकडे मोजून सोडणे एवढे जमले तरी मुलगी बघायच्या विषयावर घरी बोलताना त्याच्याजवळ काहीतरी असते.

आघात सोसलेल्या माणसांसाठी योग कसा शिकवावा याची पद्धत डेव्हिड इमर्सन यांनी अमेरिकेत बॉस्टनजवळच्या एका केंद्रात घडवली. तेथील बेसेल व्हॅन डर कोल्क आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, इतर उपचारांना दाद न दिलेल्या आघातोत्तर विकाराच्या ६४ स्त्रिया होत्या. दहा आठवड्यांनंतर योगाच्या गटातल्या ३१ पैकी १६ जणींना त्या विकाराचे निकष लागू होत नव्हते. नुसत्या आरोग्यशिक्षणाच्या गटात हे प्रमाण २९ पैकी ६ होते. हा अभ्यास क्वीअर व्यक्तींवरचा नव्हता हे ध्यानात ठेवून त्याची पद्धत मात्र उचलण्याजोगी आहे, कारण तीत आसनापेक्षा निवड महत्त्वाची असते. ‘हात वर घ्या’ याऐवजी ‘हात वर घ्यावेसे वाटले तर घ्या, नाहीतर मांडीवर राहू द्या’ असे म्हटले जाते. ज्याच्या शरीराविषयीचे निर्णय आजवर दुसऱ्यांनीच घेतले, त्याच्यासाठी हा ‘नाहीतर’ फार मोलाचा आहे.

आपल्या नेहमीच्या योगवर्गात नेमके उलटे घडते. पुरुष या रांगेत, महिला त्या रांगेत. ट्रान्स माणूस दारातूनच परत फिरतो. शिक्षक न विचारता पाठीला किंवा कमरेला हात लावून आसन सुधारतात. शवासनात डोळे मिटायला लावतात, आणि ज्याला झोपेत मार बसला आहे त्याला डोळे मिटून उताणे पडणे ही विश्रांती वाटत नाही; त्याला भिंतीला टेकून उघड्या डोळ्यांनी बसू द्यावे. भुजंगासन किंवा उष्ट्रासन यांत छाती पुढे येते, आणि आपल्या छातीविषयीच तिटकारा असलेल्या, मुलगी म्हणून वाढवलेल्या ट्रान्स मुलाला ते असह्य होऊ शकते. छाती सपाट दिसावी म्हणून घट्ट बाइंडर घालणाऱ्याने तो घालून कपालभाती किंवा जोराचे प्राणायाम करू नयेत, कारण बरगड्यांना हलायलाच जागा नसते आणि चक्कर येऊ शकते. ताडासन, वृक्षासन, खुर्चीवर बसून करायच्या हालचाली आणि संथ श्वास एवढ्यावर बराच काळ भागते. ब्रह्मचर्याचे किंवा ‘विकारांवर विजया’चे प्रवचन त्यात घुसले, तर तो वर्ग कितीही मोफत असला तरी सोडावा असे माझे स्पष्ट मत आहे.

या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या की एका भेटीला साधारण तास-सव्वा तास लागतो. सुरुवातीला थोडा श्वास आणि हालचाल, मग हाताचे काम, मग त्यावर बोलणे, आणि उठण्याआधी पुन्हा पाय जमिनीला टेकवून दोन-चार संथ श्वास, म्हणजे उकरलेले सगळे घेऊन माणूस थेट रिक्षात बसत नाही. हा क्रम पक्का नसतो. कुणी सहा महिने फक्त बोलतो, कुणी फक्त शिवतो. मणक्यासारखे मधले काम मात्र बोलण्याचेच, आणि पुराव्यांचा भार सर्वाधिक त्यावरच आहे. जॉन पचँकिस यांनी न्यूयॉर्कमध्ये ६३ समलिंगी व उभयलिंगी तरुणांवर केलेल्या आणि २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, अल्पसंख्य असण्याच्या ताणावर बेतलेल्या दहा भेटींनी नैराश्य आणि दारू पिणे दोन्ही कमी झाले. चित्र आणि योग हे त्या कामाला हात देतात, त्याची जागा घेत नाहीत. तीव्र नैराश्यात किंवा भास होत असतील तर मनोविकारतज्ज्ञाची औषधे लागतात, आणि कुणी योगासाठी ती बंद करायला सांगत असेल तर तिथून निघावे.

सोलापुरात हे कुठे मिळते, हा पुढचा प्रश्न. डॉ. वैशंपायन शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाशी जोडलेल्या सिव्हिल हॉस्पिटलमध्ये मनोविकार विभाग आहे आणि नैराश्य, झोप, आत्महत्येचे विचार यांसाठी तिथे जाता येते. तिथल्या डॉक्टरांना आपल्या लैंगिक कलाविषयी सांगायचे की नाही, आणि कधी, हे आपल्या हातात आहे. अहोरात्र चालणारी टेली-मानस ही सरकारी सेवा १४४१६ या क्रमांकावर मराठीतही बोलते. टाटा सामाजिक विज्ञान संस्थेची आयकॉल ही समुपदेशन हेल्पलाइन, पुण्यातला समपथिक ट्रस्ट आणि मुंबईतला हमसफर ट्रस्ट यांच्याकडून क्वीअर-स्नेही तज्ज्ञांची माहिती मिळू शकते. पुण्या-मुंबईचे बरेच समुपदेशक व्हिडिओ कॉलवर भेटतात, पण दोन खोल्यांत सहा माणसे राहत असतील तर कॉल घ्यायचा कुठे हा खरा पेच असतो. त्यासाठी आधीच वेळ आणि जागा ठरवून घ्यावी, कुणी खोलीत आले तर वापरायचा एक साधा शब्द ठरवावा, आणि पैसे भरल्याचा संदेश कुणाच्या मोबाइलवर जातो ते तपासावे.

पहिल्या फोनवर काही गोष्टी विचारायला संकोच करू नये: यापूर्वी क्वीअर व्यक्तींबरोबर काम केले आहे का, त्याचे प्रशिक्षण कुठे घेतले, योग शिकवताना हात लावणार का, काढलेली चित्रे आणि नोंदी कुठे ठेवणार, आणि घरच्यांनी विचारले तर काय सांगणार. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर नीट ऐकावे. आपल्या शहरात डॉक्टर मामांच्या वर्गातले निघतात आणि रिसेप्शनवरच्या ताई शेजारच्या गल्लीतल्या. २०१७ च्या कायद्याचे तेविसावे कलम मानसिक उपचारांची माहिती गोपनीय ठेवण्याचा हक्क देते; जिवाला धोका असेल अशा काही परिस्थितींचा अपवाद आहे आणि अठरा वर्षांखालील मुलांच्या बाबतीत पालकांची भूमिका वेगळी असते, पण सज्ञान व्यक्तीची गोष्ट तिच्या वडिलांना ‘काळजीपोटी’ सांगण्याची मुभा कुणालाही नाही. जाता जाता हेही सांगायला हवे, की त्याच कायद्याच्या ११५ व्या कलमाप्रमाणे आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असे गृहीत धरले जाते आणि तिच्यावर खटला भरला जात नाही. पोलिसांच्या भीतीने दवाखान्यात न्यायला उशीर करू नये.

आईवडिलांना या सगळ्यात जागा आहे, पण स्वतःच्या खुर्चीवर. त्यांचा धक्का, नातवंडांचे गेलेले स्वप्न, समाजात तोंड कसे दाखवायचे ही चिंता, हे सगळे खरे असते आणि त्यासाठी त्यांनी वेगळ्या भेटी घ्याव्यात, मुलाच्या भेटीत बसून घेऊ नयेत. ‘किती सिटिंग लागतील’ या त्यांच्या प्रश्नाला प्रामाणिक उत्तर असे, की झोप, धडधड, भांडणे यांत काही महिन्यांत फरक दिसायला हवा आणि दिसला नाही तर समुपदेशकाला जाब विचारावा. कल बदलण्यासाठी मात्र कितीही सिटिंग लागणार नाहीत, कारण ते कामच यादीत नाही.

आणि एखाद्याने ते यादीत घातलेच, तर तक्रारीची वाट आहे. करणारा नोंदणीकृत डॉक्टर असेल तर महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे लेखी तक्रार करता येते आणि राष्ट्रीय वैद्यक आयोगाचा २०२२ चा निर्णय तिथे आधाराला घेता येतो. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट असेल तर भारतीय पुनर्वास परिषदेकडे जावे. रुग्णालयातल्या सेवेविषयी असेल तर आधी तिथल्या प्रमुखांकडे आणि मग २०१७ च्या कायद्याखालच्या मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाकडे जाता येते. कुठेही नोंद नसलेला बाबा किंवा ‘लाइफ कोच’ यांतल्या कुणाच्याच कक्षेत येत नाही. त्याने डांबून ठेवले, मारले किंवा उपाशी ठेवले तर थेट पोलीस ठाण्यात फिर्याद द्यावी लागते, आणि त्यासाठी चिठ्ठ्या, पावत्या व मोबाइलवरचे संदेश पहिल्या दिवसापासून जपून ठेवावेत.